फोर्ट कोचीला जाताय? आधी वार बघा!

केरळच्या सहलीचा साचा आपल्याकडे ठरून गेला आहे. मुन्नारचे चहामळे, थेक्कडीचं जंगल, आलेप्पीची हाउसबोट आणि परतीच्या विमानाआधी उरलेल्या वेळात कोची. बस चिनी जाळ्यांपाशी थांबते, फोटो निघतात, एखादं चर्च बघून होतं, मग 'मसाले स्वस्त मिळतात' म्हणून सगळे एका दुकानात शिरतात आणि गाडी विमानतळाकडे वळते. शुक्रवार असेल तर राजवाडा बंद, शनिवार असेल तर सिनेगॉग बंद. शेकडो वर्षांचं बंदर, त्याच बंदराची जुनी गोदामं आणि त्या गोदामांत भरणारं 'बिएनाले' हे समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन एकाच रस्त्यावर असूनही हाती काही लागत नाही.

वाचकांचे प्रश्न बहुधा सारखेच असतात. कोचीला किती दिवस द्यावेत? गाडीचं आरक्षण करताना 'कोची' स्टेशन का सापडत नाही? ते बिएनाले दरवर्षी असतं का? चित्रकलेतलं काही कळत नसेल तर जाण्यात अर्थ आहे का? जुन्या वस्तू घेताना फसगत कशी टाळायची? उत्तरं क्रमानं पाहू.

किती दिवस द्यावेत?

- अर्धा दिवस: चिनी जाळी, सेंट फ्रान्सिस चर्च आणि जमल्यास राजवाडा. एवढ्यावर समाधान असेल तरच.
- एक मुक्काम: फोर्ट कोची नीट होतं, शेजारचं मट्टांचेरी धावपळीत होतं.
- दोन मुक्काम: दोन्ही भाग पायी, दुपारची विश्रांती आणि एक कथकलीचा प्रयोग. बहुतेकांसाठी हाच पर्याय योग्य.
- तीन मुक्काम: बिएनाले चालू असेल तर. ते एका दिवसात बघता येतं, पण दुसऱ्या निम्म्या दिवसात डोळे आणि पाय दोन्ही संपावर जातात.

पर्यटन कंपनीबरोबर जात असाल तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा: कोचीतला मुक्काम नेमका कुठे आहे आणि कोचीचा दिवस कोणत्या वारी येतो. पुष्कळ सहलींत 'कोची मुक्काम' म्हणजे एर्नाकुलमचं किंवा विमानतळाजवळचं हॉटेल असतं. फोर्ट कोची तिथून खाडीपलीकडे राहतं.

वाराचा हिशेब

इथे तीन धर्मांची स्थळं आणि सरकारी संग्रहालयं शेजारीशेजारी आहेत. प्रत्येकाच्या सुटीचा वार वेगळा.

- शुक्रवार: मट्टांचेरी राजवाडा बंद. सिनेगॉगही दुपारनंतर बंद होतं.
- शनिवार: ज्यूंचा साबाथ, म्हणून परदेसी सिनेगॉग बंद. ज्यू सणांनाही ते बंद असतं आणि यातले बरेच सण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात.
- रविवार: सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते, त्यामुळे चर्च बघायला दुपारी जा. बाजार रोडवरची बरीच गोदामं बंद असतात आणि बोटींना गर्दी असते.
- सोमवार: त्रिपुणितुराचा हिल पॅलेस बंद. फोर्ट कोचीवर फारसा परिणाम नाही.
- मंगळवार ते गुरुवार: सगळ्यांत सोयीचे.

नोकरीमुळे शनिवार-रविवारच हाताशी असतील तर एक रजा टाकून रविवार-सोमवार धरा. शुक्रवार-शनिवारची जोडी शक्यतो टाळा. आणखी एक सवय लावून घ्या. इथे बरीच ठिकाणं दुपारी बंद होतात. सिनेगॉग साधारण एक ते तीन बंद असतं आणि केरळातली मंदिरं दुपारी बंद होऊन सायंकाळी उघडतात. त्यामुळे सकाळ आणि सायंकाळ बघण्यासाठी, दुपार जेवणासाठी आणि सावलीसाठी ठेवा.

कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सुसह्य असते. मार्चपासून दमट उकाडा वाढतो. जून ते सप्टेंबर पाऊस असतो. तेव्हा गर्दी नसते आणि खोल्याही स्वस्त मिळतात, पण पायी भटकंतीवर पाणी पडतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकही वेगळं असतं. आरक्षण करताना पावसाळी वेळाच बघा.

नववर्षाची रात्र: ३१ डिसेंबरला मध्यरात्री फोर्ट कोचीत 'पप्पांजी' नावाचा म्हाताऱ्याचा प्रचंड पुतळा जाळून सरत्या वर्षाला निरोप देतात आणि १ जानेवारीला कोचीन कार्निव्हलची मिरवणूक निघते. दोन्ही बघण्यासारखं, पण गर्दी अफाट. रस्ते वाहनांना बंद होतात आणि मध्यरात्रीनंतर खाडी ओलांडणं अवघड जातं. त्या रात्री फोर्ट कोचीतच खोली असेल तर जा. लहान मुलं आणि वयस्कर मंडळी सोबत असतील तर तारीख बदला.

बिएनालेचं गणित

कोची-मुझिरिस बिएनालेचं पहिलं पर्व १२ डिसेंबर २०१२ ला सुरू झालं. दर दोन वर्षांनी, डिसेंबर ते मार्च असा त्याचा बेत असतो. मात्र 'सम वर्षी असतं' हा जुना हिशेब आता चालत नाही. २०२० चं पाचवं पर्व साथीमुळे लांबलं आणि २०२२ च्या डिसेंबरात झालं. तेव्हाही ठरलेल्या तारखेला दारं उघडली नाहीत, उद्घाटन अकरा दिवस पुढे गेलं. सहावं पर्व १२ डिसेंबर २०२५ ते ३१ मार्च २०२६ असं जाहीर झालं. म्हणून:

- तारखा बिएनाले फाउंडेशनच्या अधिकृत घोषणेतूनच घ्या, पर्यटन कंपनीच्या माहितीपत्रकातून नको.
- पहिला आठवडा टाळा. काही कलाकृतींची मांडणी तेव्हाही चालू असू शकते. जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारी उत्तम.
- प्रदर्शनस्थळं प्रत्येक पर्वात थोडी बदलतात. पोचल्यावर आधी नकाशा मिळवा.

मराठी वाचकाला या प्रदर्शनाशी नातं जोडायला फार लांब जावं लागत नाही. ते सुरू करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियाझ कोमू हे दोघे केरळचे, पण शिकले मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात. २०१४ च्या पर्वाचे क्युरेटर जितीश कल्लाट आणि २०१६ चे सुदर्शन शेट्टी हेही जे.जे.चेच. सहाव्या पर्वाची धुरा निखिल चोप्रा आणि गोव्यातल्या 'एचएच आर्ट स्पेसेस' या कलावंतांच्या गटाकडे आली.

पोचायचं कसं?

रेल्वेनं: आरक्षणाच्या यादीत 'एर्नाकुलम जंक्शन' (लोक याला साउथ म्हणतात) किंवा 'एर्नाकुलम टाउन' (म्हणजे नॉर्थ) शोधा. मुंबईहून कोकण रेल्वेमार्गे नेत्रावती एक्स्प्रेस रोज जाते. मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस कल्याण-पनवेलवरून मिळते. प्रवास साधारण एक पूर्ण दिवसाचा. दोन खबरदाऱ्या घ्या:

- 'कोचुवेली' म्हणजे कोची नव्हे. ते स्टेशन तिरुवनंतपुरममध्ये, कोचीच्या दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर आहे आणि आता त्याचं नाव 'तिरुवनंतपुरम नॉर्थ' झालं आहे. कोचुवेलीच्या गाडीचं तिकीट शेवटपर्यंतचं काढून बसणारे पुष्कळ असतात. तिकीट एर्नाकुलमचं काढा.
- नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस आधी नाही. नाताळच्या सुटीत जायचं असेल तर तारीख मोजून बसा.

विमानानं: विमानतळ नेडुम्बासेरीला आहे, फोर्ट कोचीपासून सुमारे ४० किलोमीटर. शहरातल्या वाहतुकीतून टॅक्सीला दीड तास सहज लागतो. सामान कमी असेल तर फीडर बसनं आलुवा मेट्रो स्थानक, तिथून मेट्रोनं एर्नाकुलम आणि पुढे बोट, हा स्वस्त मार्ग आहे. परतीच्या दिवशी मात्र बोटीवर भिस्त ठेवू नका. फोर्ट कोचीतून विमानाच्या वेळेआधी किमान चार तास निघा.

खाडी ओलांडायला तीन मार्ग:

1. वॉटर मेट्रो: हायकोर्ट टर्मिनलवरून फोर्ट कोची. ही सेवा २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिकीट ४० रुपये होतं. बोट वातानुकूलित आहे. धक्का आणि बोट एका पातळीवर असल्यानं चाकाची खुर्ची किंवा गुडघ्याचं दुखणं असलेल्यांना सोयीची. शनिवार-रविवारी रांग लांब असते. मट्टांचेरीलाही टर्मिनल आहे.
2. सरकारी बोट: एर्नाकुलम जेट्टीवरून, अगदी किरकोळ भाड्यात. चढता-उतरताना हात धरायला कोणी असावं.
3. रो-रो: वायपिन बेटावरून फोर्ट कोची, गाडीसकट. चेराईच्या किनाऱ्याकडून येणाऱ्यांना हाच जवळचा.

राहायचं कुठे?

फोर्ट कोचीत घरगुती निवासस्थानांची, म्हणजे होमस्टेची मोठी परंपरा आहे. घराचे मालक तिथेच राहतात, सकाळी पुट्टू-कडला किंवा अप्पम-इश्टू करून घालतात आणि गावाची खबरबातही देतात. केरळ पर्यटन विभाग होमस्टेंना डायमंड, गोल्ड आणि सिल्व्हर अशी वर्गवारी देतो. खोली पक्की करण्याआधी विचारा:

- वर्गवारीचं प्रमाणपत्र आहे का? यजमान खरोखर त्याच घरात राहतात का?
- खोली कितव्या मजल्यावर? जुन्या घरांत लिफ्ट नसते आणि लाकडी जिने उभे असतात.
- रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील? उत्तर तोंडी नको, मेसेजवर घ्या.
- बाहेरून शाकाहारी जेवण आणून खाल्लेलं चालेल का?

परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक सोबत असतील तर यजमानाला त्यांची नोंद करावीच लागते, त्यामुळे पासपोर्ट मागितला म्हणून रागावू नका. ओसीआय कार्ड असलेल्यांना मात्र राष्ट्रीय स्मारकांत आणि संग्रहालयांत भारतीयांइतकंच प्रवेशशुल्क आहे. कार्ड जवळ ठेवा आणि खिडकीवर दाखवा.

दोन दिवसांचा आराखडा

पहिला दिवस: फोर्ट कोची

- सकाळी लवकर चिनी जाळी. दगडांचा तोल लावून चार-पाच माणसं दोरांनी एकेक जाळं खाली सोडतात आणि वर ओढतात. सकाळी ती खरोखर मासेमारीसाठी चालतात. संध्याकाळी सूर्यास्ताचा फोटो छान येतो, पण गर्दीही तेव्हाच.
- सेंट फ्रान्सिस चर्च. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये इथे आधी लाकडी चर्च उभारलं, नंतर पक्कं बांधलं. वास्को द गामा १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीतच वारला आणि इथे पुरला गेला. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, पण थडग्याची जागा अजून दाखवतात. वर बघायला विसरू नका, दोरीनं ओढायचे जुने कापडी पंखे तसेच आहेत.
- डच दफनभूमी. बहुधा कुलूपबंद असते, फाटकातून दिसते तेवढी बघा. १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतलं आणि १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांकडून.
- परेड ग्राउंड, डेव्हिड हॉल, सांताक्रूझ बॅसिलिका. डेव्हिड हॉल ही डच काळातली इमारत आहे, तिथे बऱ्याचदा प्रदर्शनं असतात. बर्गर स्ट्रीटवरच्या काशी आर्ट कॅफेत चहाबरोबर भिंतीवरची चित्रंही बघता येतात. बिएनाले सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून हे ठिकाण चित्रकारांना जागा देत आलं आहे.
- सायंकाळी कथकली. त्याबद्दल पुढे.

दुसरा दिवस: मट्टांचेरी

फोर्ट कोचीतून कलवती रोड आणि पुढे बाजार रोडनं पायी निघा. अंतर तीन किलोमीटरच्या आतबाहेर. सकाळी आठ-साडेआठला निघालात तर तांदूळ, मिरची, आलं यांच्या गोदामांतली चढउतार बघायला मिळते. वाटेत समुद्राच्या बाजूला ॲस्पिनवॉल हाउस लागतं. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या इंग्रज व्यापारी पेढीची ही वखार. काथ्या, मिरी, खोबरेल इथून बोटींवर चढायचं. पुढे पेपर हाउस. बिएनालेच्या काळात या इमारतींत चित्रं आणि मांडणीशिल्पं असतात. इथे गाव आणि कला वेगवेगळी बघायची सोय नाही, हे या रस्त्यानं चालताना कळतं.

- मट्टांचेरी राजवाडा. लोक 'डच पॅलेस' म्हणतात, पण सोळाव्या शतकाच्या मध्याला तो पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला. डचांनी नंतर डागडुजी केली. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणातले प्रसंग रंगवले आहेत. बाकीची दालनं चटकन उरका आणि इथे वेळ द्या. फोटोबाबत दारावरचा फलक वाचा.
- परदेसी सिनेगॉग. १५६८ चं. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या हातरंगी फरशा आहेत. त्या एकमेकींसारख्या नाहीत, हे वाकून बघितल्यावर लक्षात येतं. इथली बहुतेक ज्यू कुटुंबं इस्रायलला गेली. कोकणातल्या बेने इस्रायली समाजाच्या परंपरेत आपल्याला धर्माचार शिकवणारा म्हणून डेव्हिड रहाबी यांचं नाव आदरानं घेतलं जातं. रहाबी हे कोचीच्या ज्यूंमधलं नामांकित घराणं. अलिबाग-पेणच्या सिनेगॉगांची ओळख असलेल्यांना हा धागा इथे सापडेल. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला.
- गुजराती रोड आणि जैन मंदिर. इथे गुजराती व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे. दुपारच्या जेवणाला शाकाहारी मंडळींची सोय याच भागात होते.
- तिरुमला देवस्वम. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांचं हे मंदिर. आसपासच्या गल्ल्यांत आजही कोकणी कानावर पडते. याच समाजातल्या रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट या वैद्यांनी मलबारच्या वनस्पतींवरच्या 'होर्टुस मलबारिकुस' या डचांच्या ग्रंथासाठी माहिती पुरवली. १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापलेल्या त्याच्या पहिल्या खंडात त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रमाणपत्र आहे. मंदिरात पुरुषांना सदरा काढावा लागतो, सोबत उपरणं ठेवा.

परत येताना चालू नका. बोट किंवा रिक्षा घ्या.

'आम्हाला कलेतलं काही कळत नाही'

ही अडचण जितकी वाटते तितकी नाही. पुढचे नियम पाळलेत तर पुरे:

1. एका दिवसात दोन-तीन स्थळंच बघा. सगळं बघायचा अट्टहास केला की काहीच लक्षात राहत नाही.
2. कलाकृतीशेजारचा मजकूर आधी वाचू नका. दोन मिनिटं बघा, मग वाचा, मग पुन्हा बघा.
3. बिएनालेत माहिती सांगणारे तरुण कार्यकर्ते असतात. त्यांना 'हे कशाबद्दल आहे?' असं सरळ विचारा. प्रश्न बाळबोध आहे म्हणून कोणी हसत नाही.
4. व्हिडिओकृती असेल तर ती किती मिनिटांची आहे ते बघून मगच बसा.
5. 'स्टुडंट्स बिएनाले' चुकवू नका. देशभरातल्या कला महाविद्यालयांतले विद्यार्थी तिथे काम मांडतात. मुलगा किंवा मुलगी कलाशाखेत असेल तर याच भागासाठी वेगळा वेळ काढा.
6. हात लावू नका, फ्लॅश वापरू नका. काही कलाकृतींना हात लावणं अपेक्षित असतं, तिथे तसं लिहिलेलं असतं.

बिएनाले नसतानाही गाव रिकामं नसतं. गॅलऱ्या, भिंतीचित्रं आणि छोटी प्रदर्शनं चालू असतात. एर्नाकुलमच्या दरबार हॉलमध्ये केरळ ललितकला अकादमीची प्रदर्शनं भरतात.

कथकली बघताना: प्रयोगाच्या किमान तासभर आधी पोचा. रंगभूषा प्रेक्षकांसमोर करतात आणि पर्यटकांसाठीच्या छोट्या प्रयोगात तीच खरी मेजवानी असते. हिरवा चेहरा, म्हणजे 'पच्चा', हा धीरोदात्त नायक. हिरव्यावर लाल पट्टे आले की 'कत्ती', म्हणजे राजस पण दुष्ट पात्र. रावण असा रंगवतात. साध्या, उजळ रंगातली 'मिनुक्कू' पात्रं म्हणजे स्त्रिया आणि ऋषी. एवढं माहीत असलं तरी कथा समजते. जागा पुढच्या रांगेतली घ्या, कारण अर्धा अभिनय डोळ्यांचा असतो.

इथे सावध राहा

- 'अख्खं गाव दाखवतो, पन्नास रुपयांत.' असं म्हणणारी रिक्षा तुम्हाला दुकानादुकानांतून फिरवते, कारण तिला तिथून कमिशन मिळतं. 'शॉपिंग नको' असं आधीच सांगा आणि भाडं ठरवा. मे २०२२ च्या सरकारी दरपत्रकात दीड किलोमीटरपर्यंत किमान भाडं ३० रुपये होतं, त्यावरून अंदाज घ्या. रिक्षावाल्याला 'चेट्टा', म्हणजे दादा, अशी हाक मारलीत तर बोलणं सोपं जातं.
- जाळ्याचा दोर ओढायचं निमंत्रण. गंमत म्हणून जरूर ओढा, पण नंतर बक्षिसी मागतात. किती द्यायचं ते चढण्याआधी ठरवा.
- 'मासे इथे घ्या, शेजारी शिजवून देऊ.' माशाचा किलोचा भाव, वजन आणि शिजवण्याचं शुल्क या तीनही गोष्टी आधी विचारा. करीमीन माशाचा भाव भरतीसारखा चढतो.
- हरताळ. केरळात हरताळाच्या दिवशी दुकानं, रिक्षा, बस बंद राहतात. आयत्या वेळच्या हरताळांना आळा घालण्यासाठी सात दिवस आधी नोटीस द्यावी, असं केरळ उच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. तरी निघण्याआधी बातम्या बघा आणि विमानाच्या दिवशी हरताळ असेल तर आदल्या रात्रीच विमानतळाजवळ जा.

खरेदी आणि तुमचे हक्क

जुन्या वस्तू: ज्यू टाउनमधल्या दुकानांत कोरीव दारं, पितळी दिवे, पेटारे खच्चून भरलेले असतात. त्यातल्या पुष्कळ वस्तू नव्या, जुन्या दिसाव्यात अशा घडवलेल्या असतात. नक्कल म्हणून, नकलेच्या भावानं घेतलीत तर बिघडत नाही. पण 'दीडशे वर्षं जुनं आहे' असं कोणी म्हणालं तर १९७२ चा पुरावशेष कायदा आठवा:

- शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरू शकते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षं आहे.
- असा व्यापार करायला परवाना लागतो. तो दाखवा, असं म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे.
- खाजगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्यांनी जुनी दिसणारी वस्तू घेताना ती नवी असल्याचं बिलावर लिहून घ्यावं. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घ्यावं.

चित्रं: बिएनालेतल्या कलाकृती विक्रीसाठी नसतात, गॅलरीतल्या असतात. चित्र घेताना बिल आणि चित्रकाराच्या सहीचं प्रमाणपत्र मागा. त्यात शीर्षक, वर्ष, माध्यम आणि आकार हवा. चित्र तुमचं झालं तरी त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, जोवर त्यानं तो लेखी दिलेला नाही. म्हणजे ते घरी लावा, कोणाला भेट द्या, पण त्याची कॅलेंडरं छापू नका.

आरन्मुळा आरसा: हा धातूचा आरसा केरळची खास वस्तू आहे, त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि किंमतही भरपूर. परीक्षा सोपी आहे. आरशाला बोटाचं टोक टेकवा. साध्या काचेत बोट आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसते, अस्सल धातूच्या आरशात ती दिसत नाही.

मसाले: मिरी, वेलची, जायफळ जरूर घ्या, पण बंद पाकिटातले. पाकिटावर एफएसएसएआय परवाना क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि एमआरपी हवी. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. 'केरळचं केशर' दाखवलं तर हसून पुढे चला, भारतात केशर पिकतं ते मुख्यतः काश्मिरात.

हॉटेलचं बिल: सेवाशुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते आपोआप बिलात लावता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये या सूचना कायम ठेवल्या. काढायला सांगा. जीएसटी मात्र द्यावा लागतो.

तक्रार कुठे करायची?

- ग्राहक म्हणून फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- पर्यटकांसाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन १३६३, चोवीस तास.
- तातडीची मदत ११२.

बिल, दुकानाच्या पाटीचा फोटो आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. बिल नसेल तर तक्रार दुबळी पडते, म्हणून 'बिल नको, थोडं कमी करतो' या सवलतीला भुलू नका.

निघण्याआधी तपासा

- कोचीचे दिवस शुक्रवार-शनिवार नाहीत ना?
- तिकीट एर्नाकुलमचं आहे ना?
- मुक्काम फोर्ट कोचीत आहे ना?
- बिएनालेच्या तारखा अधिकृत घोषणेतून घेतल्या आहेत ना?
- सहज काढता येतील अशा चपला, पाण्याची बाटली, छत्री आणि एक उपरणं बॅगेत आहे ना?

वेळच कमी असेल तर मुन्नार किंवा आलेप्पीतला एक मुक्काम काढून तो कोचीला द्या. केरळच्या सहलीत हा बदल सर्वांत कमी खर्चाचा आहे आणि तो पैसे भरण्याआधीच करून घ्यावा लागतो. आज पर्यटन कंपनीला फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: कोची कोणत्या वारी?